गर्भपिशवी काढा म्हणाले, तेव्हा मी आधी आतून तपासून घेतलं

आमच्याकडं, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात, बाईच्या अंगावरून पांढरं जायला लागलं तर ती आधी शेजारणीला सांगते. मग मेडिकलवाल्याकडून एखादी ट्यूब आणते. अगदीच सहन होईना झालं तर तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाते. नवऱ्याला सांगायची वेळ सगळ्यात शेवटी येते, आणि तीही बहुतेक वेळा ऑपरेशनच्या पैशासाठी. माझंही असंच चाललं होतं, फक्त ऑपरेशनच्या आधी मी थांबले. माझ्या घरातल्या आणि गल्लीतल्या ज्या बायका थांबल्या नाहीत, त्यांना थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे सगळं उघड लिहिते आहे. नाव-गाव मात्र लिहीत नाही, पोरं शाळेत जातात.

माझं वय चौतीस. लग्नानंतर काही वर्षं आम्ही दोघं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचो. थोरला शाळेत जायला लागला तसं मी गावातच राहिले, शिलाई मशीन घेतली, बचत गटाचा हिशेब लिहायला लागले. मालक, म्हणजे माझा नवरा, आता ऊस तोडत नाहीत, ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. दिवाळी झाली की कारखान्यावर जातात, हंगाम संपला की परत येतात.

ते परत आल्यावर थोड्याच दिवसांत मला त्रास सुरू झाला. आधी नुसती खाज. उन्हाळ्याचे दिवस, दिवसभर मशीनवर बसणं, घाम. तेवढ्याचंच असेल असं वाटलं. मग लघवीला जळजळ व्हायला लागली, आणि त्यानंतर कपडे ओले राहायला लागले.

इथं एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढच्या सगळ्याचा पाया तीच आहे. प्रत्येक बाईला थोडं पांढरं जातंच. पाळीच्या मधल्या दिवसांत ते पातळ, काचेसारखं स्वच्छ आणि ताणलं तर तार येणारं असतं. पाळी जवळ आली की घट्ट, पांढरट होतं. त्याला घाण वास नसतो, खाज नसते, आग नसते. तो आजार नाही, आणि त्यानं हाडं झिजतात, कंबर मोडते हेही खरं नाही. मला वयात आल्यापासून हे येणं-जाणं ठाऊक होतं. आता जे चाललं होतं ते वेगळं होतं. रंग पिवळट, त्यात हिरवी झाक. पातळ, पण नुसतं पाणी नाही. कपड्यावर बघितलं तर बारीक बुडबुडे दिसायचे. वास मासळीसारखा, संबंध झाल्यावर जास्त. बाहेरची जागा लाल होऊन सुजली होती, आणि संबंधाच्या वेळी इतकं दुखायचं की मी अंग चोरायला लागले. मालकांना वाटलं मी रागावले आहे.

आत्यांना सांगितलं. माझ्या सासूबाई जुन्या माणूस, त्या म्हणाल्या, "धुपणी हाय ती. उष्णता वाढली की व्हती. तांदळाचं धुवण पी, सब्जा भिजवून खा." शेजारच्या अक्कांनी धने-जिऱ्याचं पाणी सांगितलं. त्या दोघींच्या मायेबद्दल मला काही म्हणायचं नाही. उन्हाळ्यात या गोष्टींनी बरंच वाटतं. पण खाज तिळभर कमी झाली नाही. मेडिकलवाल्यानं क्लोट्रिमाझोलची ट्यूब दिली. लावलं की थोडा वेळ गार वाटायचं, रात्री परत तेच. पुढं कळलं की ते औषध बुरशीवर चालतं आणि मला झालेला आजार बुरशीचा नव्हताच.

मग तालुक्याला गेले. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळ्या बायकाच. नंबर लागला तेव्हा मी "अंगावरून जातंय" एवढंच म्हणाले आणि पुढं बोलायच्या आत सोनोग्राफीचा कागद हातात पडला. रंग कसा, वास आहे का, खाज आहे का, मालकांना काही त्रास आहे का, काहीच विचारलं नाही. पडद्यामागं झोपवून आतून बघितलं नाही. सोनोग्राफी करून परत गेले तर डॉक्टर कागदावर पेन टेकवत म्हणाले, "पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे. लेकरं झालीत ना? मग ठेवून काय करता? उद्या कॅन्सर झाला तर?" आणि ऑपरेशनचा खर्च सांगितला. सोबत गोळ्या आणि तारीख.

कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर बाईच्या पायातलं बळ जातं. त्या घडीला मीही मनातल्या मनात पैशाची जुळवाजुळव करत होते. गटातून किती निघतील, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, आधी मिळेल का.

मला थांबवलं ते जाऊबाईंच्या आठवणीनं. त्यांची पिशवी काढली तेव्हा त्या तिशीतही नव्हत्या. त्यांनाही अंगावरून जायचं आणि ओटीपोट दुखायचं. उसाच्या फडात काम करणाऱ्या बाईला पाळीचे चार दिवस म्हणजे शिक्षाच असते. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, न्हाणी नाही, संडास नाही, पहाटे अंधारात उठायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढायचं. एक दिवस बसलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून कापला जातो. अशा बाईला कुणी म्हणालं की एकदा काढून टाक, मग पाळीचीही कटकट नाही, तर ती हो म्हणते. जाऊबाईंनी हो म्हटलं. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी त्यांना परत पांढरं जायला लागलं, तसंच वासाचं. त्यावर अंगातून वाफा निघणं, रात्री घामानं भिजणं, गुडघे धरणं सुरू झालं, कारण पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले होते. बीजांडकोश काढले की शरीराची पाळी जाण्याची अवस्था एका दिवसात येते, वय कितीही असो.

जाऊबाई एकट्या नाहीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागं एक. त्याच सुमाराला बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याला पिशवी काढायची असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियमही आला. त्या आकड्यात किती बायकांचं दुखणं खरोखर पिशवीचं होतं आणि किती जणींना नुसता गोळ्यांनी जाणारा संसर्ग होता, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. गाठी, फार रक्तस्राव, खरा कॅन्सर, अंग बाहेर येणं, यासाठी पिशवी काढावी लागते. त्याला माझा विरोध नाही. पण जो जंतू योनीमार्गात राहतो, तो पिशवी काढल्यानं कसा जाईल? मार्ग तर तिथंच राहतो.

गावातल्या आशाताईंना मी सोनोग्राफीचा कागद दाखवला. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "आतून बघितलं का त्यांनी?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आधी अंबाजोगाईला जा. सरकारी दवाखान्यात सुरक्षा क्लिनिक विचार. लाजू नकोस." सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि जिल्हा रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी असं क्लिनिक असतं, तपासणी आणि औषध फुकट मिळतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गुप्तरोग म्हटल्यावर पोटात गोळा आला, ते लपवत नाही. आमच्याकडं परमा (गोनोरिया), गरमी (सिफिलिस) ही नावं शिवीसारखी वापरतात. ते आजार वाईट चालीच्या माणसांचे, घरंदाज बाईला कसे होतील, असंच मीही ऐकत मोठी झाले.

केसपेपर काढला, स्त्रीरोग विभागात बसले, तिथून समुपदेशन करणाऱ्या ताईंच्या खोलीत पाठवलं. खोली लहान. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर तक्ता, मागच्या कपाटात रंगीत खोकी. ताईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "इथं बोललेलं बाहेर जात नाही." मग एकेक विचारत गेल्या. कधीपासून जातंय. रंग, वास, घट्ट की पातळ. खाज आहे का, आत आग होते का. लघवीला जळजळ. संबंधाच्या वेळी दुखतं का, नंतर रक्त जातं का. ओटीपोट दुखतं का, ताप येतो का. फोड, जखम, जांघेत गाठ आहे का. पाळी कधी आली, दिवस तर गेले नाहीत ना. तांबी बसवली आहे का. साखरेचा आजार आहे का. मालकांना लघवीला जळजळ, काही गळणं, काही फोड. मालक कामाला कुठं असतात. तालुक्याच्या दवाखान्यात ज्यातला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता, ते सगळे इथं एका दमात आले. उत्तरं देताना माझा आजार मलाच पहिल्यांदा नीट दिसायला लागला.

नंतर डॉक्टर मॅडमनी पडदा ओढून तपासलं. या तपासणीची फार भीती असते, म्हणून कशी असते ते सांगते. टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे वर घेऊन पाय फाकवायचे. अंगावर चादर असते. स्पेक्युलम नावाचं चपट्या चोचीचं यंत्र असतं, ते हळू आत घालून थोडं उघडतात, म्हणजे योनीमार्ग आणि पिशवीचं तोंड उजेडात दिसतं. मॅडम म्हणाल्या, "पाय ढिले सोडा, तोंडानं श्वास घ्या." पाय आवळले की दुखतं, सोडले की नुसतं दडपल्यासारखं वाटतं. मला आतून सूज होती म्हणून थोडं झोंबलं. पण सगळं मिळून चहा पिण्याइतका वेळही लागत नाही. एवढ्या तपासणीवाचून आमच्या बायकांची ऑपरेशनं ठरतात.

मॅडमनी आतल्या बाजूचा स्राव कापसाच्या काडीवर घेतला. थोडा कागदाच्या पट्टीला लावला, तिचा रंग बदलला. निरोगी योनीमार्ग आंबट असतो, तिथले चांगले जंतू तो आंबटपणा टिकवतात. माझा आंबटपणा गेला होता. थोडा स्राव काचेवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात मिसळला आणि लगेच शेजारच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. लगेच का, तर हा जंतू गार पडला की हलायचा थांबतो आणि मग पांढऱ्या पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही. पाच-दहा मिनिटांत बघावा लागतो. शिकणाऱ्या डॉक्टर मुलींना दाखवून झाल्यावर एकीनं मला विचारलं, "मावशी, बघता का?"

मी बघितलं. आधी नुसता उजेड. मग गोल गोल पेशी, स्थिर. आणि त्यांच्यामध्ये एक टोकदार थेंबाच्या आकाराचं काहीतरी, झटके देत, अडखळत, वळसा घेत चाललेलं. त्याच्या एका टोकाला बारीक केस वळवळत होते. मग दुसरा दिसला, तिसरा दिसला. ज्याला उष्णता म्हणून मी सब्जा पीत होते ते माझ्या डोळ्यासमोर जिवंत पळत होतं. मला किळस येईल असं वाटलं होतं, पण उलट धीर आला. दिसतंय म्हणजे मारता येईल.

त्याचं नाव ट्रायकोमोनास. एका पेशीचा परजीवी. १८३६ मध्ये दोने नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं तो पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ डॉक्टरांना तो ठाऊक आहे, आणि गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगात १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये याची १५ कोटी ६० लाख नवी लागण झाली. परमा, गरमी आणि क्लॅमायडिया हा तसाच आणखी एक गुप्तरोग, या तिघांतल्या कुठल्याही एकापेक्षा याचीच जास्त. तो संबंधातून लागतो. विहिरीच्या पाण्यानं, फडातल्या कामानं, उष्णतेनं होत नाही. आत्यांना हे सांगितलं तर त्यांना अजून पटत नाही.

मॅडमनी मला फरक समजावून सांगितला, तो मी वहीत उतरवून घेतला होता. फाटलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखं घट्ट पांढरं, भयंकर खाज, पण वास नाही, तर बहुतेक बुरशी. ती संबंधातून आलेली असेलच असं नाही, साखर असली, गरोदरपण असलं किंवा अँटिबायोटिक घेतलं तरी होते. पातळ, राखाडी, मासळीचा वास, पण खाज फारशी नाही, तर आतल्या चांगल्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो. पिवळं-हिरवं, फेसाळ, वास आणि खाज दोन्ही, तर ट्रायकोमोनासची शंका. मात्र नुसत्या रंगावर जाऊ नये, म्हणूनच थेंब तपासायचा. आणि तपासणीतही जंतू दरवेळी सापडतोच असं नाही. लक्षणं बोलत असतील तर परत बघावं. सगळ्यात फसवे ते परम्याचे आणि क्लॅमायडियाचे जंतू. ते पिशवीच्या तोंडाशी बसतात, बाईला बऱ्याचदा काहीच कळत नाही, आणि हळूहळू वर चढून नळ्या खराब करतात. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, यातलं काही असेल तर एक दिवसही काढू नये. दुखत नसलेली जखम दिसली तरीसुद्धा नाही. गरमीची पहिली जखम दुखत नाही आणि आपोआप भरते. बाईला वाटतं गेलं, पण रोग आतच असतो.

"मग मला हे आलं कुठून?" हे मी विचारलंच. मॅडम सरळ बोलल्या, "तुमच्या दोघांपैकी एकाकडून दुसऱ्याला. कुणाकडून कुणाला आणि कधी, हे कुठल्याच तपासणीत दिसत नाही. हा जंतू बायकांत महिनोन्महिने, कधी वर्षंसुद्धा गप्प राहतो. लागण झालेल्या बहुतेक लोकांना काहीच त्रास होत नाही, पुरुषांना तर फारच कमी. फार तर लघवीला थोडी आग, पुढच्या टोकाला खाज. तेव्हा घरी जाऊन भांडू नका, त्यांना घेऊन या." नवऱ्यानं गोळी घेतली नाही तर मला परत लागण होणार, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

ताईंनी कपाटातलं एक हिरवं खोकं काढलं. त्या रंगांमागं पद्धत आहे. नाको, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात प्रत्येक लक्षणाला एक रंग ठरवलेला आहे: पुरुषाच्या लघवीच्या जागेतून किंवा पिशवीच्या तोंडातून स्राव असेल तर राखाडी, योनीतून पांढरं जात असेल तर हिरवं, जखमेला पांढरं, नागिणीच्या जातीच्या फोडांना लाल, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं. लहान गावात प्रयोगशाळा नसली तरी लक्षणांवरून लगेच औषध देता यावं म्हणून हे केलं आहे. माझ्या खोक्यात सेक्निडाझोलचा २ ग्रॅमचा डोस आणि फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी होती, एकदाच घ्यायची. काही डॉक्टर त्याऐवजी मेट्रोनिडाझोल सकाळ-संध्याकाळ सात दिवस देतात. हे वाचून कुणी परस्पर मेडिकलमधून आणू नका. दिवस गेले असतील तर औषध बदलतं, आणि आजार दुसराच असेल तर वेळ वाया जातो. मी गोळ्या तिथंच, ताईंच्या समोर घेतल्या. तोंडाला दिवसभर तांब्याच्या भांड्यासारखी चव राहिली, थोडं मळमळलं. बास.

त्याच दिवशी एचआयव्हीची आणि व्हीडीआरएल म्हणजे गरमीची रक्ततपासणी केली. आधी संमती विचारली. २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. ट्रायकोमोनासनं आतली कातडी सुजलेली असली की एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो, म्हणून दोन्ही तपासण्या एकदमच करतात. निकाल हातात येईपर्यंतचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. दोन्ही निगेटिव्ह आल्या.

घरी येऊन मालकांना सांगणं हे यातलं सगळ्यात अवघड काम. पोरं झोपल्यावर ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं, सूक्ष्मदर्शकात काय दिसलं तेही. ते म्हणाले, "मला तर काहीच होईना गेलंय." मी म्हटलं, "पुरुषांना कळत नाही, असं मॅडम म्हणाल्या. तुम्ही गोळ्या नाही घेतल्या तर मला परत होणार, आणि मग तालुक्याचा डॉक्टर परत पिशवीच काढा म्हणणार." मग मी विचारायचं ते विचारलं, आणि त्यांनी मला उत्तर दिलं. ते आमच्या दोघांतलं आहे, इथं लिहिणार नाही. एवढं लिहिते की त्या रात्री ते उठून गेले नाहीत, बसून राहिले, आणि शेवटी म्हणाले, "मंग उद्याच जाऊ. ट्रॅक्टरचं सामान आणायला अंबाजोगाईला जायचंच हाय."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर आले. ताईंनी त्यांना वेगळं बसवून बोललं, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, निरोध दिले. दोघांचं औषध होऊन आठवडा जाईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत आणि त्या दिवसांत दारूला हात लावायचा नाही, असं बजावलं. या गोळ्यांवर दारू प्यायली तर उलट्या आणि छातीत धडधड होऊ शकते. त्याच आठवड्यात भावकीत कंदुरी, म्हणजे नवसाच्या बकऱ्याचं जेवण होतं. मालकांनी मटण खाल्लं आणि पेल्याला "पोटात गोळी हाय" म्हणून नको म्हटलं. आमच्या भावकीत ही सोपी गोष्ट नाही, हे ज्यांनी कंदुरी पाहिली आहे त्यांना समजेल.

खाज दोन-तीन दिवसांत उतरली. आठवड्यात वास गेला, कपडे कोरडे राहायला लागले. मॅडमनी आत साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी असलं काही घालू नका म्हणून सांगितलं होतं, त्यानं चांगले जंतूही मरतात. बाहेरून साध्या पाण्यानं धुवायचं. तीन महिन्यांनी परत बोलावलं होतं, कारण लागण परत होण्याचं प्रमाण यात बरंच आहे. गेले, थेंब तपासला, काही नव्हतं. त्याच वेळी पिशवीच्या तोंडाला आम्लाचं पाणी लावून कॅन्सरची तपासणी केली. मिनिटभर थांबून बघतात. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी करतात. मला डाग नव्हता. तिशी ओलांडलेल्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते. तालुक्याच्या डॉक्टरनं ज्याची भीती घालून पिशवी मागितली होती, त्याचा तपास इतका साधा आहे. "तोंडाची जखम" जी म्हणत होते ती सूज होती, गोळ्यांनी उतरली.

मी हे गटात सांगितलं. सगळ्यांच्या समोर नाही, एकेकीला, हिशेबाच्या वेळी. एक बाई ऐकून घेऊन गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. त्यांनाही तालुक्याहून ऑपरेशनची तारीख मिळाली होती, सोनं गहाण ठेवायचं ठरत होतं. मी त्यांना विचारलं तसं म्हणाल्या, "वास न्हाई माय, पण खाजून खाजून जीव जातोय. घट्ट घट्ट पडतंय." वहीत लिहिलेलं आठवलं, पण मी काही डॉक्टर नाही, म्हणून त्यांना घेऊन अंबाजोगाईला गेले. ताईंनी त्यांनाही तेच सगळे प्रश्न विचारले. थेंबात बुरशी निघाली. परत परत होतंय म्हणून मॅडमनी रक्तातली साखर बघितली, तर उपाशीपोटीच दोनशेच्या वर. त्यांना मधुमेह आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बुरशीचं औषध झालं, साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. ऑपरेशनच्या तारखेला त्या तालुक्याला गेल्या नाहीत. आता महिन्याच्या महिन्याला साखर तपासायला आरोग्य केंद्रात जातात, आणि जाताना माझ्या जाऊबाईंनाही घेऊन जातात. जाऊबाईंचा थेंब पुढच्या आठवड्यात तपासायचा आहे. ज्यांना अंबाजोगाई लांब पडते त्यांनी १०९७ या फुकट नंबरावर फोन करून जवळचं क्लिनिक विचारावं.